तिसऱ्या कार्डावरचं कुंकू

मुलांनो,

धाकटीनं तिच्या कंपनीसाठी लिहिलेला लेख मला फोनवर पाठवला, त्याला आता पंधरा दिवस झाले. लेखाला माझा जुना फोटो लावला आहे. खाली लिहिलं आहे की, आमच्या आजीनं ऐंशीच्या दशकात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात टर्बाईनच्या कंट्रोल कार्डांची तपासणी सुरक्षितपणे कशी करायची याचे नियम पहिल्यांदा मराठीत आणले. त्याखाली अनोळखी लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली आहेत. तुम्ही दोघांनी आळीपाळीनं फोन करून विचारलंत, "आजी, वाचलंस का?" मी सांगितलं, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावरच होता.

लेखात खोटं काही नाही. नियम मी लिहिले, पण ते मोडणारी पहिली व्यक्तीही मीच होते, आणि त्याची शिक्षा दुसऱ्या माणसानं भोगली. तुमच्या आजोबांना हे मी कधी सांगितलं नाही. ते गेले. ज्या माणसाचं नुकसान झालं तेही दोन वर्षांपूर्वी गेले. आपल्या घरात हे ठाऊक असलेली मी एकटीच आहे, आणि टाळ्या मलाच पडत आहेत. म्हणून आता लिहिते. क्रमानं लिहिते, मधलं काही गाळणार नाही. गाळण्यातूनच हे सगळं झालं.

तुमचे आजोबा शाळेत मुख्याध्यापक होते. मी औरंगाबादला इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. आमच्या भागात त्या वेळी इंग्रजीत सरळ पत्र लिहू शकणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि ते मला फार लवकर आणि फार नीट कळलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांनीच पुढं भागभांडवल गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. तिथं इंग्रजी पत्रव्यवहारासाठी मला घेतलं. ऑफिसात मी एकटी बाई. सगळे मला 'बाई' म्हणत, चेअरमन साहेबसुद्धा.

कारखान्यात उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटतो, त्याच्या वाफेवर टर्बाईन फिरतं आणि त्यातून सगळ्या कारखान्याची वीज तयार होते. ऐंशीनंतर आमच्याकडं नवीन टर्बाईन आलं. त्याचा वेग सांभाळायला जुन्यासारखी लोखंडी गोळ्यांची कळ नव्हती. एक पोलादी कपाट होतं, त्याला पॅनेल म्हणायचे. आत पुस्तकांसारखी उभी लावलेली पाच कार्डं. कार्ड म्हणजे तळहाताहून थोडी मोठी हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या केसासारख्या बारीक वाटा आणि रंगीत दाण्यांएवढे भाग. टर्बाईन किती जोरात फिरतंय हे तिसरं कार्ड ओळखायचं आणि वाफ कमीजास्त करायला सांगायचं.

हे पॅनेल ज्यांच्या ताब्यात दिलं त्यांना सगळे 'मिस्त्री' म्हणत. पस्तिशीचे, आयटीआय झालेले, लोहारा तालुक्यातले. घर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली होती, आणि मुलानं हत्यार हातात धरावं ते इंजिनिअरसारखं, असा त्यांचा हट्ट होता. मिस्त्रींना मराठी उत्तम लिहिता येई. इंग्रजी अक्षरं लागत, पण वाक्य लागत नसे. आणि पॅनेलबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक सगळं इंग्रजीत.

म्हणून मुख्य इंजिनिअरांनी त्यातले सुरक्षेचे नियम मला मराठीत आणायला सांगितले. मी मोठ्या डौलात आणले. 'विद्युत्प्रवाह खंडित झाल्याची निश्चिती केल्याविना अंतर्भागास स्पर्श करू नये.' मिस्त्रींनी उभ्यानं वाचलं, कान खाजवला.

"बाई, हे वाचून हुईस्तोवर मानूस चिकटंल की."

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, सांगा तुमच्या भाषेत. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. आधी खटका पाडा. नुसता खटका पाडून भागत नाही, फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात घाला, म्हणजे दुसरा कुणी येऊन वीज सोडणार नाही. दारावर पाटी लावा. मीटर आधी चालू तारेवर लावून तो खरं बोलतोय का बघा, मग बंद केलेल्या जागी लावा. पाच मिनिटं थांबा, कारण खटका पाडला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बसून असते. मनगटाला पट्टा बांधा आणि त्याची तार पॅनेलच्या सांगाड्याला जोडा. आमच्याकडं दुष्काळात हवा इतकी कोरडी असायची की टेरेलिनचा सदरा काढताना अंगावर ठिणग्या उडत. तेवढी ठिणगीही कार्डातला एखादा भाग मारून टाकायला पुरते. कार्ड कडेनं धरा. बोट, घाम, धूळ, पाण्याचा थेंब, काहीही कार्डाला लागता कामा नये.

पेंटरकडून हे सगळं पत्र्यावर रंगवून पॅनेलशेजारी टांगलं. खाली माझी आद्याक्षरं होती. मिस्त्रींची घालावीत असं मला सुचलंच नाही. लेखातल्या टाळ्यांपैकी निम्म्या इथंच कापून घ्या.

आता खंडेनवमीचं सांगते. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होई. बॉयलर, ऊस टाकायची गव्हाण, वजनकाटा, ट्रॅक्टर, माझा टाईपरायटरसुद्धा. हळदीकुंकवाचं ताट माझ्याकडं असे. त्या वर्षी पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. ऊस कमी, हंगाम छोटा, म्हणून पूजा जरा जास्तच मनापासून चालली होती. मिस्त्री पूजेला उभे राहत नसत. कुणी बळजबरी करत नसे, पण ते उभे नाहीत हे मात्र प्रत्येकजण बघत असे. मला ते आदल्या दिवशी म्हणाले होते, "बाई, पॅनेलला भाईरनं दाराला लावा. आत न्हाय. तुमीच लिवलंय."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

पूजेच्या वेळी चेअरमन साहेबांच्या पत्नी माझ्याबरोबर होत्या. आम्ही पॉवर हाऊसमध्ये आलो तेव्हा मिस्त्रींची हंगामापूर्वीची तपासणी नुकतीच संपली होती. दार लोटलेलं होतं, कुलूप लावायचं बाकी होतं. तेवढ्यात मुख्य इंजिनिअरांनी त्यांना बॉयलरचा गेज बघायला हाक मारली. जाताना ते म्हणाले, "बाई, जरा नजर ठिवा. आलोच."

मी दाराला हळदीकुंकू लावलं. वैनीसाहेब म्हणाल्या, "दाराला काय लावताव बाई? द्येव तर आत बसलाय."

मी दार उघडलं. एवढंच कारण. त्यांना बरं वाटावं म्हणून आणि आपल्याला आतलं सगळं ठाऊक आहे हे दाखवावं म्हणून. मी त्यांना सांगू लागले, हे पहिलं कार्ड, हे दुसरं, हे टर्बाईनचा वेग ओळखणारं. पाचांतलं मधलं म्हणून तिसऱ्याला लावू, असं म्हणून मी अनामिका पाण्यात बुडवली, हळद लावली, मग कुंकू. बोट ओलं जास्त झालं होतं. लाल थेंब कार्डाच्या कडेवरून आत ओघळला. मी घाबरून पदरानं पुसला. वरचा डाग निघाला. आतला ओघळ पदरानं आणखी आत गेला असणार.

शेजारी पत्र्यावर माझी आद्याक्षरं असलेले नियम टांगलेले होते. ते मला दिसले नाहीत असं मी म्हणणार नाही. दिसले. पण नियम हे हात काळे करणाऱ्या लोकांसाठी असतात, ते लिहिणाऱ्यासाठी नसतात, असं माझ्या मनात कुठंतरी पक्कं होतं. मला शॉक बसला नाही, कारण फ्यूज मिस्त्रींच्या खिशात होते.

ते परत आले. "कुनी हात लावला न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "मी इथंच उभी होते."

त्यांनी मान हलवली आणि कुलूप लावलं.

हंगाम सुरू झाला. दीड महिना सगळं नीट चाललं. मग एका दुपारी ऑफिसातले दिवे मंद व्हायला आणि भडकायला लागले, श्वास घेतल्यासारखे. पॉवर हाऊसकडून येणारा आवाज चढायचा, उतरायचा. एकदा फार चढला आणि एकदम बंद पडला. टर्बाईनच्या सुरक्षा झडपेनं वाफ तोडली होती. कारखान्यात इतकी शांतता पसरली की बाहेरच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या.

चरकात अर्धा पिळलेला आणि गव्हाणीत टाकलेला ऊस तसाच अडकला. आवारात माकणी, सास्तूरकडच्या गाड्यांची रांग लागलेली. उन्हात ऊस वाळत होता आणि वाळलेल्या उसाचं वजन घटतं, हे गाडीवानाच्या लहान पोरालाही कळायचं. त्या वर्षी ज्यानं विहिरीच्या तळाचं पाणी घालून ऊस जगवला होता, तो शेतकरी गाडीशेजारी उभा राहून आमच्या खिडकीकडं बघत होता.

पॅनेलच्या कंपनीला ट्रंक कॉल लावला. त्यांचा माणूस यायला तीन दिवस लागणार होते. मुख्य इंजिनिअर मला म्हणाले, "बाई, पुस्तक घेऊन पॉवर हाऊसला बसा. मिस्त्री विचारतील ते वाचून सांगा."

अशी मी दोन दिवस स्टुलावर बसले. त्यांनी आधी कार्डांना हातही लावला नाही. बाहेरून सुरुवात केली. वाफेचा दाब बघितला, झडप हातानं हलवून बघितली, वेग मोजणाऱ्या तारेची दोन्ही टोकं तपासली. प्रत्येक गोष्ट बघून झाली की वहीत लिहायची, मगच पुढची. मी घाईला आले होते.

"सरळ कार्डंच बदलून बघा ना. जादाची आहेत."

"बदलली आन् चाललं, तर काय बिघडलं हुतं हे कधीच कळायचं न्हाय. आन् बिघाड कार्डाच्या भाईर असला तर नवं बी मरंल." ते म्हणाले, "पुढं वाचा."

बॉयलरवरचा एकजण चहा घेऊन दारात उभा होता. म्हणाला, "पूजंला पाठ फिरवल्यावर दुसरं काय हुनार?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "तुमी तर दोन नारळ फोडलेवते. मग बॉयलर का गळतोय तुमचा?"

तिथले दोघेतिघे हसले. तो चहा ठेवून निघून गेला. पण ते वाक्य मागं राहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गाड्यांच्या यार्डातही पोचलं. पूजेला उभा राहत नाही म्हणून मशीन कोपली. मी ते दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा पुस्तकाचं पान उलटलं. तोवर मला खात्री नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे दिवे पहिल्यांदा मंद झाले तेव्हाच माझ्या अनामिकेला तो ओला थेंब आठवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खटका पाडला, फ्यूज खिशात घातले, मीटर लावला, भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली आणि मनगटाला पट्टा बांधला. एकेक कार्ड कडेनं धरून काढलं आणि भिंगाखाली बघितलं. पहिलं ठीक. दुसरं ठीक. तिसरं त्यांनी भिंगाखाली उलटसुलट करून दोनदा बघितलं.

"बाई, बघा."

मी वाकले. तांब्याच्या दोन वाटांच्या मध्ये, जिथं हिरवं असायला हवं तिथं, एक लालसर काळपट ओघळ होता. कडेला पिवळी झाक. वाफेच्या दमट हवेत तो ओलसर झाला होता आणि एका वाटेची वीज दुसऱ्या वाटेत हळूहळू झिरपत होती. टर्बाईन बरोबर फिरत असताना कार्डाला वेग कधी कमी वाटायचा, कधी जास्त. दिवे श्वास घेत होते ते त्यामुळं.

"आता हे लाल कुठनं आलं?" ते म्हणाले.

"गंज असेल," मी म्हटलं.

"तांब्याचा गंज लाल नसतो, बाई. हिरवा असतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. स्पिरिट आणि मऊ कुंचल्यानं त्यांनी तो ओघळ काढला, कार्ड वाळवलं, मीटर लावून वाटा एकमेकींपासून सुट्या झाल्याची खात्री केली, परत भिंगाखाली धरलं, परत मीटर लावला. दुपारनंतर टर्बाईन सुरू झालं आणि त्याचा आवाज एका सुरात लागला. यार्डात गाडीवानांनी आरडाओरडा केला. मुख्य इंजिनिअरांनी विचारलं, काय होतं? मिस्त्री म्हणाले, "घान हुती सायब. साफ केली. लिहून देतो."

त्यांनी मराठीत एक पानभर अहवाल लिहिला. अकरा ओळी. नवव्या ओळीत लिहिलं होतं, 'तिसऱ्या कार्डावर खालच्या बाजूस लाल पूड पाण्यात कालवून पडल्यासारखा ओघळ सापडला, तो स्पिरिटने साफ केला. तपासणीनंतर कुलूप लावताना मी परत आत बघितले नाही, ही माझी चूक.'

पानावर माझं नाव कुठं नव्हतं. पूजेचं नव्हतं. त्यांनी स्वतःची चूक मात्र लिहिली होती.

हा अहवाल कंपनीला आणि संचालक मंडळाला पाठवायला इंग्रजीत करायचं काम माझं. मी टाईपरायटरवर कागद चढवला. लाल पूड असं लिहिलं असतं, तर कंपनीनं विचारलं असतं की कसली पूड? मंडळात वैनीसाहेबांचे यजमान बसलेले. त्यांनी घरी विचारलं असतं, आणि वैनीसाहेबांनी सहज सांगितलं असतं की बाईंनी लावलं होतं की. मी नववी ओळ सोडून दिली. आणि ओळ सोडल्यावर अहवालाला कारण उरेना, म्हणून मी एक कारण घातलं. हंगामापूर्वीच्या तपासणीत कार्ड नीट हाताळलं न गेल्यामुळं त्यावर घाण बसली. चांगलं, गुळगुळीत, कुणालाही बोट ठेवता येणार नाही असं इंग्रजी. त्या इंग्रजीसाठीच माझा पगार होता.

मिस्त्रींना सहीसाठी बोलावलं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. अक्षरं जुळवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"माझं समदं आलं न्हवं ह्यात, बाई?"

"आलं."

त्यांनी सही केली. मराठीत, नीट, रेघ ओढून.

पुढचं तुम्हाला सांगायला नकोच, पण मी गाळणार नाही म्हटलं आहे. दुष्काळी वर्षात दोन दिवस कारखाना बंद पडलेला. मंडळाला कुणाचं तरी नाव हवं होतं, आणि ते माझ्या कागदात सहीसकट हजर होतं. मिस्त्रींना पॉवर हाऊसमधून काढून नदीकाठच्या पंपावर टाकलं. तो हुकूमही मीच टाईप केला. हुकूम घ्यायला ते आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "असं का लिवलंय? म्या तर साफ केलं."

मी म्हटलं, "वरचा निर्णय आहे."

त्या वर्षी नदीला पाणी नव्हतं. पंप चालवायचाच नव्हता. कार्डाची नाडी ओळखणारा माणूस कोरड्या पात्राशेजारी एका पत्र्याच्या खोलीत बसून राहिला, आणि हंगाम संपल्यावर नोकरी सोडून गेला. कुणी म्हणालं, बरं झालं. मी काहीच म्हणाले नाही, आणि माझ्या गप्प राहण्याला ऑफिसात मोठेपणा समजले.

दोनेक वर्षांनी काही कामानं माकणीला जाणं झालं. धरणाकडच्या रस्त्याला मोटारी बांधण्याचं एक छोटं दुकान दिसलं, आणि आत मिस्त्री. मी जीप थांबवायला सांगितली. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. कदाचित ते सुखात आहेत असं दिसावं आणि माझं मन हलकं व्हावं म्हणून.

"या बाई, बसा. ए, बाईस्नी पानी आन." त्यांची मुलगी पाणी घेऊन आली. आठ-नऊ वर्षांची असेल. मिस्त्रींच्या हातात तांब्याची तार होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही.

मी म्हटलं, "मिस्त्री, त्या कार्डाचं..."

"ठावं हाय." ते म्हणाले. "कुंकूच हुतं. कडंला बोटाचा ठसा राह्यलावता. बारीक बोट. गड्याचं नव्हं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"म्या म्हनायचं? की कुंकवानं मशीन बंद पडली? म्या?" ते थोडं हसले. "मग कार्ड बाजूलाच राह्यलं असतं, बाई. माझ्या आळीवर आलं असतं. तुमी म्हनला असता तर निस्तं कुंकू ऱ्हायलं असतं. चुकून लागलं, म्हनून सोडून दिलं असतं लोकांनी."

मी पाणी प्यायले. ते खरं होतं. माझी चूक माझ्या तोंडून आली असती तर ती एका बाईची भाबडी चूक झाली असती. मला फार तर चार दिवस लाजावं लागलं असतं. त्या चार दिवसांच्या बदल्यात मी त्यांचं पॅनेल देऊन टाकलं होतं.

मग त्यांनी एक गोष्ट मागितली. परळीच्या वीज केंद्रात टर्बाईनवर माणसं घेणार होते. त्यांना अर्ज करायचा होता, पण कारखान्याच्या कागदात कार्ड खराब केलं असं लागलेलं. "तुमी एक कागद द्या. तुमच्या हातचा. खरं काय झालं ते. इंग्रजीत द्या नायतर मराठीत, पर खरं द्या."

मी म्हटलं, पाठवते.

आठ दिवसांनी मी त्यांना टपालानं कागद पाठवला. सुंदर इंग्रजीत, पानभर. मिस्त्री अत्यंत कुशल, प्रामाणिक, शिस्तीचे आहेत, त्यांच्या हाताखाली पॅनेल सुरक्षित होतं, असं सगळं. कुंकवाबद्दल एक शब्द नाही. अहवालात काय गाळलं ते नाही. मी लिहायला बसले तेव्हा लिहायचं ठरवलं होतं. तुमच्या आजोबांच्या बढतीचं त्या वेळी चाललं होतं, आणि माझं नाव जिल्ह्यात घेतलं जात होतं. मी तीन वेळा कागद बदलला आणि तिसऱ्या वेळी तेच गुळगुळीत इंग्रजी खाली उतरलं.

परळीची नोकरी त्यांना मिळाली नाही. माझ्या कागदामुळं मिळाली नाही की दुसऱ्या कशामुळं, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला मी गेले नाही. त्यानंतर माकणीच्या रस्त्यानं जायची वेळ आली की मी दुसऱ्या कामाचं निमित्त काढायची.

मुलांनो, तुम्ही परदेशात अशाच कामात आहात म्हणून एक सांगते. तो ओघळ कार्डावर तुम्हाला भिंगाखाली कधी ना कधी दिसेल. वाट कशी साफ करायची हे पुस्तकात आहे. पण अहवालात नववी ओळ लिहायची की नाही, हे पुस्तकात नसतं. आणि ती ओळ गाळणं ज्याच्या जिवावर बेततं तो बहुतेक वेळा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो, सहीसाठी. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या भाषेत वाचून दाखवा. एवढं मी केलं असतं, तरी पुरलं असतं. धाकटे, तुझा लेख काढून टाक किंवा खाली हे जोड. तुला ओशाळं वाटेल. वाटू दे. मला इतकी वर्षं एकटीलाच वाटत होतं.

त्यांच्या मुलीला मी गेल्या आठवड्यात हेच सगळं मराठीत लिहून, सही करून पाठवलं आहे. ज्यांनी तो खरा कागद मागितला होता ते उरले नाहीत, म्हणून तिला. उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरून चाललेले नाही.

कारखाना बरीच वर्षं बंद आहे. पॅनेल भंगारात गेलं, पत्र्यावरची पाटीही गेली. माकणीचं दुकान चालू आहे, मुलगी आणि जावई मिळून चालवतात. आणि मला कुठलाच कागद फाडता येत नाही, म्हणून मिस्त्रींचा मराठी अहवाल माझ्याजवळ शिल्लक आहे, त्यांच्या अक्षरात, अकराच्या अकरा ओळी.